मदत हवी आहे : देवाला पहिले स्थान द्यायचे, पण रोजच्या दिवसात कसे?

प्रभूमध्ये सर्वांना सलाम.

बायबलमधले मत्तय ६:३३ हे वचन लहानपणापासून पाठ आहे. आधी देवाचे राज्य, बाकीचे तो पाहील. मनापासून पटतेही. पण सकाळी डोळे उघडताच हात मोबाईलकडे जातो, मग डबे, मुले, कामावर जायची घाई. प्रार्थना होते ती रात्री, झोपेने डोळे मिटत असताना. देवाला दिवसाचे उरलेसुरले देते आहे, ही बोच जात नाही.

मार्क १:३५ मध्ये प्रभू येशू पहाटे अंधारातच एकांती प्रार्थनेला गेला. आदल्या संध्याकाळी तर सगळे गाव दाराशी लोटले होते! थकवा त्यालाही असेलच ना? हे वाचून मीही लवकर उठू लागले, पण चार दिवसांतच सुटले.

आणखी एक विचारायचे आहे. लूक १० मध्ये मार्था घरी आलेल्या येशूच्या पाहुणचारात गुंतली, तर तिची बहीण मरीया त्याचे ऐकत बसली. त्या मार्थेसारखी माझी कामेही प्रेमापोटीच आहेत. मग पहिले स्थान म्हणजे पहिला तास, की कामे करतानाही मन त्याच्याकडे असणे?

लहान मुले सांभाळून ज्यांना हे जमले, त्यांनी सुरुवात कशी केली ते कृपया सांगा. माझ्यासाठी प्रार्थनाही करा.