करार संपायच्या आत फोन बदलायचा आहे. उरलेल्या हप्त्यांचे काय? (ब्रिटन)

रेडिंगवासी

नमस्कार. मी इंग्लंडमध्ये रेडिंगला नोकरी करते. इथल्या एका नेटवर्क कंपनीकडून २४ महिन्यांच्या करारावर फोन घेतला होता, त्यातले दहा महिने अजून बाकी आहेत. फोनचे दरमहा २७ पाउंड आणि कॉल व डेटाचे १६ पाउंड असे एकूण ४३ पाउंड डायरेक्ट डेबिटने खात्यातून जातात. या हिवाळ्यात फोनने त्रास द्यायला सुरुवात केली आहे. बाहेर थंडीत चाळीस टक्के चार्ज दिसत असतानाच तो बंद पडतो आणि घरातही अधूनमधून आपोआप रीस्टार्ट होतो. बँकेची ॲप्स आणि कामाचे ओटीपी याच फोनवर असल्यामुळे असा फोन घेऊन प्रवास करणे मला जोखमीचे वाटते.

कंपनीच्या दुकानात विचारले तेव्हा असे सांगण्यात आले की वर्षाची वॉरंटी संपली असल्यामुळे दुरुस्तीचा खर्च मलाच करावा लागेल. मात्र हा फोन जमा केल्यास उरलेले हप्ते माफ होतील आणि ३६ महिन्यांच्या नव्या करारावर, नुसत्या फोनचे दरमहा ३४ पाउंड भरून, नवा फोन मिळेल. माझा विचार मात्र हा फोन दुरुस्त करून सांगलीला बाबांना देण्याचा होता. करार मध्येच संपवता येतो का, त्यासाठी किती रक्कम भरावी लागते आणि हप्ते बाकी असताना फोन भारतात पाठवणे योग्य ठरेल का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मँचेस्टरकर

सर्वांत आधी तुमचा करार एक आहे की दोन, हे कागदपत्रांत पाहा, कारण पुढचे सगळे त्यावरच अवलंबून आहे. जुन्या पद्धतीच्या करारात फोन आणि सेवा यांचे मिळून एकच मासिक बिल असते आणि तो मोडल्यास मुदतपूर्व समाप्तीचे शुल्क लागते. हे शुल्क साधारणपणे उरलेल्या महिन्यांच्या रकमेइतके, पण त्यातून काही वजावट केलेले असते. तुमच्या बिलावर २७ आणि १६ असे दोन आकडे वेगळे दिसत आहेत, त्यावरून फोनसाठी स्वतंत्र कर्जकरार आणि सेवेसाठी स्वतंत्र करार असावा असे वाटते. तसे असेल तर १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टनुसार उरलेले कर्ज केव्हाही मुदतीपूर्वी फेडण्याचा हक्क तुम्हाला आहे, आणि किती रक्कम भरल्यावर खाते बंद होईल याचा लेखी आकडा मागितल्यावर कंपनीला तो द्यावाच लागतो. कर्ज बिनव्याजी असेल तर तो आकडा सरळ २७ गुणिले १०, म्हणजे २७० पाउंड येईल. लवकर फेडल्याने त्यात बचत काही होणार नाही, पण बांधिलकी संपेल.

सेवेचा करार मोडायला किती पडेल, हे जाणून घेण्यासाठी दुकानात जाण्याचीही गरज नाही. तुमच्याच नंबरावरून ८५०७५ या क्रमांकावर इन्फो हा शब्द इंग्रजीत लिहून संदेश पाठवा. तो विनामूल्य आहे आणि मुदतपूर्व शुल्काची माहिती उत्तरादाखल लगेच येते. नंबर कायम ठेवून दुसऱ्या कंपनीत जायचे ठरलेच, तर ६५०७५ वर पॅक (इंग्रजीत PAC) असा संदेश पाठवल्यास नंबर सोबत नेण्याचा कोड मिळतो आणि तो ३० दिवस चालतो. ही सोय ऑफकॉमने, म्हणजे इथल्या दूरसंचार नियामकाने, जुलै २०१९ पासून सगळ्या कंपन्यांना बंधनकारक केली आहे.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. काहीही ठरले तरी बँकेत जाऊन डायरेक्ट डेबिट परस्पर बंद करू नका. त्याने करार रद्द होत नाही, फक्त हप्ते थकतात आणि थकलेल्या हप्त्याची नोंद इथल्या क्रेडिट फाइलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या इतिहासात, सहा वर्षे राहते. पुढे घर भाड्याने घेताना किंवा गृहकर्जाच्या वेळी ती नोंद आडवी येते, आणि परदेशातून आलेल्या आपल्यासारख्यांची क्रेडिट फाइल मुळातच लहान असल्यामुळे तिच्यावरचा एक डागही ठळक दिसतो.

ग्राहकहित

वरील माहिती योग्य आहे, पण मला त्याआधीचा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. हा फोन तुम्ही स्वखर्चाने बदलायचाच कशासाठी? वॉरंटी ही उत्पादकाने स्वतःहून दिलेली हमी आहे. कायद्याने मिळालेला हक्क तिच्यापेक्षा वेगळा आहे आणि तो वर्षभरात संपत नाही. २०१५ च्या कन्झ्युमर राइट्स ॲक्टनुसार वस्तू समाधानकारक दर्जाची आणि वाजवी काळ टिकणारी असली पाहिजे, आणि ती जबाबदारी विकणाऱ्यावर असते. तुम्हाला फोन नेटवर्क कंपनीने विकला, म्हणून “उत्पादकाकडे जा” असे सांगून ती कंपनी मोकळी होऊ शकत नाही. इंग्लंडमध्ये असा दावा सहा वर्षांपर्यंत करता येतो.

अडचण आहे ती पुराव्याची. वस्तू मिळाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दोष दिसला तर तो मुळातलाच होता असे मानले जाते; त्यानंतर ते ग्राहकाला दाखवून द्यावे लागते. तुमचा फोन चौदा महिन्यांचा असल्यामुळे एखाद्या स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्याकडून लेखी अहवाल घ्या. त्यात बॅटरीची उरलेली क्षमता टक्क्यांत नमूद करायला सांगा आणि रीस्टार्टचे कारण बॅटरी आहे की आतला बोर्ड, हेही स्पष्ट लिहून घ्या. या दोहोंत फार मोठा फरक आहे. थंडीत लिथियम-आयन बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो, विद्युतदाब (व्होल्टेज) एकदम खाली येतो आणि फोन बंद पडतो. बॅटरी वापराने झिजलेली असेल तर हे अधिकच होते, आणि नुसत्या झिजेला कायदा दोष मानत नाही. तसे निघाले तर नवी बॅटरी बसवून काम भागेल, आणि तो खर्च नव्या फोनच्या मानाने किरकोळ असतो. घरातल्या उबेत रीस्टार्ट होण्याचे मूळ बोर्डात निघाले, तर मात्र दुरुस्ती किंवा बदली फोन मागण्याचा तुमचा पाया भक्कम आहे. दुरुस्तीनंतरही दोष राहिला तर फोन परत करता येतो. इतक्या काळाच्या वापरापोटी काही रक्कम ते कापू शकतात, एवढेच.

हिशेबी

दुकानातल्या प्रस्तावाचा हिशेब मांडून पाहा. ३४ गुणिले ३६ म्हणजे १२२४ पाउंड. तोच फोन त्याच दिवशी दुसऱ्या दुकानात रोख केवढ्याला मिळतो, ते विचारा. समजा ९०० पाउंडांना मिळत असेल, तर तुम्ही ३२४ पाउंड जास्त देत आहात. म्हणजे माफ केलेले २७० पाउंड त्या हप्त्यांतून पुरेपूर वसूल होतात आणि शिवाय तुमचा जुना फोनही त्यांच्याकडे जातो. तुम्हाला तो बाबांना द्यायचा आहे, त्यामुळे हा प्रस्ताव तुमच्या मूळ हेतूच्याच विरुद्ध आहे. फोन जमा करताना त्यातला दोष दिसला तर त्याची किंमत कमी धरली जाते, हेही करारातील अटींत वाचून घ्या.

सेवेचा करार इथे २४ महिन्यांपेक्षा अधिक मुदतीचा करता येत नाही. ३६ महिने चालतो तो फोनचा कर्जकरार. म्हणून तिसऱ्या वर्षी सेवा दुसऱ्या कंपनीची आणि फोनचे हप्ते पहिल्या कंपनीला, अशी स्थिती येऊ शकते. तसे करणे शक्य आहे, पण दुसऱ्या कंपनीकडे गेल्यावर उरलेले कर्ज एकरकमी मागितले जाणार का, ते सही करण्यापूर्वी विचारा.

माझ्या मते नवा फोन हवाच असेल तर तो कुठूनही रोखीने, नाहीतर नूतनीकरण केलेला घ्यावा, सध्याचे सिम त्यात घालावे आणि चालू करार ठरल्याप्रमाणे संपू द्यावा. करार मोडण्याची गरजच उरत नाही.

रेडिंगवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कागदपत्रे काढून पाहिली. करार खरोखरच दोन आहेत, आणि फोनचे कर्ज बिनव्याजी असून फोन पहिल्या दिवसापासून माझ्या मालकीचा असल्याचे त्यात लिहिले आहे. सेवेचे मुदतपूर्व शुल्क किती, हेही संदेशाने कळले, पण आता तो करार मोडण्याचा विचार मी सोडला आहे. तपासणी अहवालासाठी फोन दिला असून अहवाल हाती येताच कंपनीला लेखी तक्रार करणार आहे. फोन दुरुस्त झाला तर बाबांना पाठवण्याआधी काय काळजी घ्यावी, एवढे कोणी सांगावे.

मँचेस्टरकर

मालकी तुमची असल्याने फोन देण्यात अडचण नाही. हप्ते मात्र शेवटपर्यंत तुमच्या नावावरच राहतील. डिसेंबर २०२१ पासून इथल्या कंपन्यांना लॉक केलेले फोन विकण्यास मनाई आहे, त्यामुळे तुमच्या फोनमध्ये भारतातले सिम चालायला हवे. बाबांचे सिम जिओचे असेल तर एक गोष्ट तपासावी लागेल. जिओकडे टूजी-थ्रीजी नाही, साधा कॉलसुद्धा फोरजीवरून जातो आणि त्यासाठी त्या फोनवर त्या नेटवर्कचे व्होल्टी (फोरजीवरून कॉल करण्याची सोय) चालू होणे आवश्यक असते. सांगलीहून कोणी भेटीला येणार असेल तर त्यांचे सिम फोनमध्ये घालून सेटिंगमध्ये तो पर्याय दिसतो का ते बघा, आणि बाबांकडे पोचल्यावर पहिल्याच दिवशी एक कॉल लावून पाहायला सांगा.

फोन देण्याआधी बँकेची ॲप्स नव्या फोनवर सुरू करून घ्या, कारण अनेक बँका जुन्या फोनवरूनच मंजुरी मागतात. मग आयफोन असेल तर फाइंड माय बंद करून खात्यातून बाहेर पडा, अँड्रॉइड असेल तर गूगल खाते काढून टाका, आणि त्यानंतरच फॅक्टरी रीसेट करा. हा क्रम उलटा झाला तर बाबांच्या हातात फोन पडेल तेव्हा तो तुमचा पासवर्ड मागत बसेल. *#०६# दाबून येणारा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, बिलाच्या प्रतीसोबत जपून ठेवा.

ग्राहकहित

तक्रार करताना कंपनीकडून तक्रार क्रमांक अवश्य घ्या आणि त्यांचे अंतिम उत्तर लेखी मागा. त्यांनी नकार दिला तर ते पत्रच पुढे उपयोगी पडते. सेवेबद्दलचा वाद कम्युनिकेशन्स ऑम्बुड्समन किंवा सिसास या स्वतंत्र तक्रार निवारण योजनांपैकी तुमची कंपनी ज्या योजनेची सदस्य असेल तिच्याकडे नेता येतो, कर्जकरारावर घेतलेल्या फोनचा वाद फायनान्शियल ऑम्बुड्समनकडे जातो, आणि ग्राहकाला यांपैकी कुठेही शुल्क पडत नाही. वाद चालू असतानाही हप्ते भरत राहा.