फेलओव्हरला मराठीत काय म्हणायचं? 'बदली' चालेल का?

अर्धवट_अनुवादक
लोकहो, अडलेय. दोन सर्व्हरांच्या क्लस्टरचं (एक पडला की दुसरा काम उचलतो अशी जोडी) मॅन्युअल रात्रपाळीच्या पोरांसाठी मराठीत करतेय, सगळं पेसमेकरवर (क्लस्टर सांभाळणारं सॉफ्टवेअर) आहे. वाक्य असं की सर्व्हिस एका नोडवर (म्हणजे सर्व्हरवर) तीनदा पडली की फेलओव्हर होईल, म्हणजे ती दुसऱ्या नोडवर जाईल, पण तो नोड बरा झाला तरी आपोआप फेलबॅक (जुन्या नोडवर परत जाणं) होऊ द्यायचा नाही. मी फेलओव्हरला 'बदली' लिहिलं तर तपासणाऱ्या सरांचा लाल शेरा, बदली सरकारी नोकराची होते, 'कार्यभार हस्तांतरण' करा. आता मायग्रेशन थ्रेशोल्डचा (किती वेळा पडल्यावर हलवायचं तो आकडा) झालाय 'कार्यभार हस्तांतरण उंबरठा'. वाचून मलाच हसू येतंय.

लालबागकर
सरांना म्हणावं परळला या. गिरणीत बदली म्हणजे बदली कामगार. आमचे आजोबा आधी बदलीच होते, पाळी सुरू व्हायच्या आत गेटवर उभं राहायचं, कायमवाला नाही आला तर साच्यावर (मागावर) घेणार, आला तर डबा तसाच घेऊन घरी. स्टँडबाय (राखीव) नोड दुसरं काय करतो?

नाइटशिफ्ट
शब्द झकास, पण तो नोडला लागला, क्रियेला नाही. आणि क्रिकेटमधला बदली खेळाडू (कन्कशनवाला सोडून) नुसती फिल्डिंग करतो, इथे व्हर्च्युअल आयपीसकट (सर्व्हिसबरोबर फिरणारा नेटवर्क पत्ता) सगळा संसार उचलावा लागतो.

कऱ्हाकाठ
खांदेपालट म्हणा की. पालखी चालता चालता खांदा बदलतात, पालखी खाली टेकत नाही.

तिसरी_घंटा
तिरडीलाही खांदेपालटच म्हणतात हो. आणि मला तर पेपरातलं मंत्रिमंडळ आठवतं.

नाइटशिफ्ट
दोन्हीकडे ते ठरवून करतात, म्हणजे स्विचओव्हर झाला. फेलओव्हर म्हणजे भोई चक्कर येऊन पडला. टोकन टाइमआउट (नोडच्या उत्तराची वाट बघायची मुदत) संपेपर्यंत बाकीच्यांना पत्ताही नसतो, पालखी टेकतेच, फक्त लवकर उचलतात एवढंच.

शुद्धलेखन_मंडळ
सगळंच इंग्रजी ठेवायचं तर भाषांतर कशाला करता? क्वोरमला (निर्णयाला लागणारी किमान नोडसंख्या) 'गणपूर्ती' आहे ना सुंदर.

तिसरी_घंटा
आहे की, सोसायटीच्या नोटिशीत. 'गणपूर्तीअभावी सभा तहकूब होऊन अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी भरेल' आणि त्या सभेला गणपूर्तीची अट नाही 😂

नाइटशिफ्ट
हसू नका, दोन नोडांना कोरोसिंकमधे (नोडांचा आपसातला संपर्क सांभाळणारं सॉफ्टवेअर) टू-नोड सेटिंग लावतात ते अगदी हेच, एकटा उरला तरी सभा चालू. म्हणून तर फेन्सिंग (दुसऱ्या नोडला सक्तीनं बंद पाडणं) लागतं, नाहीतर मधली केबल तुटली की दोघं आपापल्या घरी सभा भरवतात आणि एकाच डिस्कवर लिहितात. मी बघितलंय, पहाटे चारला, डेटाबेसची अक्षरशः खिचडी.

शुद्धलेखन_मंडळ
फेन्सिंग = कुंपण घालणे.

लालबागकर
कुंपण कसलं, 'वाळीत टाकणं'! पाणीपुरवठा बंद, तसा याचा वीजपुरवठा बंद.

तिसरी_घंटा
वाळीत टाकणं गुन्हा आहे, २०१६ चा सामाजिक बहिष्काराचा कायदा वाचा. मॅन्युअलमधे कसं लिहिणार?

नाइटशिफ्ट
फेन्सिंगचं दुसरं नाव STONITH, त्याची मूळ इंग्रजी आद्याक्षरं 'दुसऱ्या नोडच्या डोक्यात गोळी घाला' अशी आहेत, वाळीत टाकणं त्यामानानं सभ्यच.

कऱ्हाकाठ
आणि स्प्लिट-ब्रेनला (केबल तुटून दोन्ही नोड स्वतःलाच मुख्य समजतात ते) 'दोन गाद्या'. सातारा नि कोल्हापूर, दोन्हीकडे छत्रपती, १७३१ च्या वारणेच्या तहापर्यंत निकालच नाही.

पंचगंगा
आमची गादी स्टँडबाय नव्हती, एवढं लक्षात ठेवून बोला.

अर्धवट_अनुवादक
अहो ते छान आहे, पण उद्या द्यायचंय. फेलबॅकचं काय करू? सध्या 'परतबदली' लिहिलंय. आणि तो उंबरठा?

नाइटशिफ्ट
स्टिकिनेस (सर्व्हिस आहे तिथेच राहण्याचा कल) वाढवून ठेवा, फेलबॅक होणारच नाही, शब्दही लागणार नाही. आणि फेल-काउंट (पडल्याची मोजणी) क्लीनअप झाल्याशिवाय तीनदा पडलेल्या नोडवर सर्व्हिस तशीही परत जात नाही, हे मात्र त्या पोरांना ठळक अक्षरात लिहा.

लालबागकर
उंबरठा ठेवा. पूर्वी उंबराच्या लाकडाचा करत म्हणून उंबरठा.

पंचगंगा
आमच्या वाड्यात सागाचा होता, तरी उंबराच म्हणायचे.