मदत हवी आहे: मुलीच्या नावातल्या ‘ज्ञ’वर पासपोर्ट अडलाय, शाळेची सहल सिंगापूरला

सांबऱ्याजवळची आई:

नमस्कार मंडळी. इथं रोज वाचते, लिहायला पहिल्यांदाच बसले. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव बेळगावच्या पूर्वेला, सांबऱ्याच्या विमानतळाजवळ. मुलगी गावच्या मराठी हायस्कूलमध्ये नववीत आहे. शाळेचे काही माजी विद्यार्थी बाहेरदेशी आहेत, त्यांनी निम्मा खर्च उचलायचं कबूल केलं आणि दसऱ्याच्या सुट्टीत चौदा पोरांना सिंगापूरला न्यायचं ठरलं. आमच्या वाट्याला चाळीस हजार आलेत. भिशी लागली ती त्यात घातली, उरलेले दिराने दिले. पैशाचं झालं. अडलंय ते कागदांवर.

मुलीचं नाव इथं लिहीत नाही, पण ते ‘ज्ञ’नं सुरू होतं. मराठीत आणि कन्नडात ते अगदी एकच नाव. इंग्रजीत मात्र तीन झालीत. जन्माच्या दाखल्यावर जे-एन-ए, आधारवर डी-एन-वाय-ए, आणि शाळेच्या सॅट्‌सच्या रेकॉर्डमध्ये, म्हणजे सरकारच्या विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन नोंदीत, जी-एन-वाय-ए. पासपोर्टचा फॉर्म भरायला नेटवाल्याकडं गेले, त्यानं तिन्ही कागद शेजारी ठेवले आणि म्हणाला, “वैनी, तीन कागदांवर तीन पोरी आहेत. हे पहिलं एक करून आणा.” घरी येईस्तोवर माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली होती.

दुसरी अडचण, हिचे बाबा फौजेत आहेत. सध्या लांब आहेत, सुट्टी दिवाळीशिवाय नाही. मुलीच्या पासपोर्टला आईबाप दोघांच्या सह्या लागतात म्हणे. मग ते आल्याशिवाय काहीच होणार नाही का? शाळेनं ऑगस्टअखेर पासपोर्टची झेरॉक्स मागितली आहे, पुढं व्हिसाचं काम आहे.

पोरांचं काय सांगू! जन्मापासून डोक्यावरून विमानं जाताना बघतात, पण चौदातलं एकही कधी विमानात बसलेलं नाही. परवा आमच्या अंगणात पाचजणं नकाशा पसरून बसली होती. बेळगाव जवळजवळ सोळा अंशांवर आणि सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंशावर, म्हणून तिथं बारा महिने दिवस सातच्या सुमारास उगवतो आणि सातलाच मावळतो, हे त्यांनी मला शिकवलं. घड्याळ आपल्यापुढं अडीच तास. तेव्हापासून ही संध्याकाळी साडेपाचला गोठ्यात आली की म्हणते, “आई, तिथं आठ वाजले बघ.” तिथल्या बागेत काचेच्या घुमटात पस्तीस मीटरचा धबधबा केलाय असं वाचून एक पोरगा म्हणाला, आपला गोकाकचा बावन्न मीटरचा आहे, पण घुमटातला बघायचाच. मी घाबरलेय हे हिला कळलंय. काल रात्री मलाच म्हणते, “तू कशाला घाबरूलालीस? नाही झालं तर पुढच्या साली.” पुढच्या साली दहावी आहे आणि सहल एकदाच आहे, हे तिलाही ठाऊक आहे.

कुणी हे केलं असेल तर सांगा. आधी कुठला कागद धरायचा?

निपाणीचे पोस्टवाले काका:

ताई, आयुष्य पोस्टात काढलं, त्यातली शेवटची वर्षं पासपोर्टच्या काउंटरजवळ. घाबरू नका, तुमच्यासारखी माणसं आठवड्याला चार यायची.

सह्यांचं आधी सांगतो, ते सोपं आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी ‘अ‍ॅनेक्शर डी’ नावाचं आईबापांचं प्रतिज्ञापत्र असतं. साध्या कागदावर चालतं, २०१६ च्या अखेरीपासून नोटरीची गरज राहिलेली नाही. मुलीबरोबर पासपोर्ट केंद्रात तुम्ही एकट्या गेलात तरी चालतं, त्या कागदावर मात्र दोघांच्या सह्या हव्यात. प्रिंट काढून यजमानांना स्पीड पोस्टानं पाठवा, सही करून त्यांच्या ओळखपत्राच्या सही केलेल्या प्रतीसह परत मागवा. आजच पाठवा.

फी अठरा वर्षांखालच्यांना १००० रुपये, पासपोर्ट पाच वर्षांचा किंवा अठरा पूर्ण होईपर्यंतचा, जे आधी येईल ते. पंधरा पूर्ण असतील तर १५०० भरून दहा वर्षांचाही घेता येतो. तत्काळला वर २००० जातात, पण नावाचा घोळ असताना तत्काळच्या मागं लागू नका, पैसे जातात आणि फाइल तिथंच राहते.

बेळगावच्या हेड पोस्टात केंद्र आहेच. निपाणी-चिकोडीकडच्या वाचकांसाठी सांगतो, २०१८ पासून देशात कुठूनही अर्ज करता येतो, कोल्हापूरच्या पोस्टातल्या केंद्रातही. पत्ता कर्नाटकातला म्हणून कुणी अडवत नाही.

आता नाव. माझं मत, जन्माचा दाखला मूळ धरा आणि आधार व शाळा त्याप्रमाणे करून घ्या. आधारवरचं नाव जन्माच्या दाखल्यावरून दुरुस्त होतं. ध्यानात असू द्या, आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून एकदाच आणि बरोबर करा.

खानापूरच्या बाई:

काकांना नमस्कार. सह्यांचं सगळं पटलं, नावाचं नाही पटत, म्हणून लिहिते.

मी हायस्कूलला शिकवते. तुमची मुलगी नववीत आहे, म्हणजे एसएसएलसी बोर्डाकडं नाव जायची वेळ आलीच. शाळा सॅट्‌समध्ये जे लिहील तेच उद्या दहावीच्या मार्क्स कार्डावर येणार, आणि ते कार्ड तिला जन्मभर दाखवावं लागणार. म्हणून प्रश्न सहलीचा नाही राहिला. मुलीला स्वतःचं नाव इंग्रजीत कसं लिहायचंय, ते तिला विचारा.

‘ज्ञ’ म्हणजे ज आणि ञ यांचं जोडाक्षर. आपण त्याचा उच्चार द्न्य करतो म्हणून डी-एन-वाय येतं. कन्नड माणूस मूळ अक्षरं धरून जे-एन लिहितो, हिंदीवाले ग्य म्हणतात. कुणी चुकलेलं नाही. पण दाखला लिहिणारा कारकून कन्नड होता म्हणून तुमच्या लेकीनं जन्मभर त्याच्या उच्चारानं सही करावी, हे मला पटत नाही. माझ्या वर्गात दरवर्षी असे दोन-तीन ‘ज्ञ’ असतात आणि प्रत्येकाचे आईबाप शेवटी कंटाळून जे मिळालं ते घेतात.

जन्ममृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात कलम १५ आहे, त्यानुसार निबंधकाला नोंदीतली चूक दुरुस्त करता येते. जिथं नोंद झाली तिथंच जा आणि मूळ रजिस्टर बघायला मागा. पुष्कळदा रजिस्टरात नाव कन्नडात बरोबर असतं, इंग्रजी नंतर कॉम्प्युटरवर घालताना कुणीतरी टाइप केलेलं असतं. तसं असेल तर काम हलकं आहे.

आणि आणखी एक. दाखल्याशिवाय अडतंच असं नाही. जन्मतारखेला जन्माचा दाखलाच हवा हा नियम १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना आहे. आधीच्या मुलांना शाळा सोडल्याचा दाखलाही चालतो. पण तीन कागद तीन तऱ्हेचे घेऊन काउंटरला जाऊ नका, एवढं काकांचं शंभर टक्के खरं.

निपाणीचे पोस्टवाले काका:

बाईंचं बोलणं मानतो. मी फक्त ऑगस्टची तारीख डोळ्यांपुढं ठेवून बोललो. दाखल्याची दुरुस्ती पंधरवड्यात होत असेल तर बाईंचा रस्ता चांगला. नाही झाली तर माझा आहेच.

शहापूरची, आता सिंगापूरला:

बारा वर्षं इथं आहे, माहेर बेळगावचं शहापूर. कागदांचं वर सांगितलंय, मी पोहोचल्यानंतरचं सांगते.

भारतीयांना व्हिसा लागतो आणि पासपोर्ट प्रवासाच्या तारखेपासून निदान सहा महिने वैध लागतो, तो नवाच असल्यानं तुम्हाला चिंता नाही. येण्याआधीच्या तीन दिवसांत अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं, ते फुकट असतं, त्याचे कुणी पैसे मागितले तर देऊ नका. च्युइंगगम पोरांच्या खिशात ठेवू नका, इथं १९९२ पासून बंदी आहे. मेट्रोत खाणंपिणं चालत नाही, पाण्याची बाटलीसुद्धा तोंडाला लावायची नाही, दंड ५०० डॉलरपर्यंत आहे. चार्जरला तीन चौकोनी दांड्यांचा पिन लागतो, तो बेळगावातच घेऊन ठेवा. पाऊस कधीही येतो, छत्री हवीच. जेवणाची काळजी नको, लिटल इंडियात इडली-डोसा, भात-सांबार सगळं मिळतं.

आणि ताई, मला एका गोष्टीचा फार आनंद झाला म्हणून लिहिते. इथं चार अधिकृत भाषा आहेत, इंग्रजी, मलय, मँडरिन आणि तमिळ. पाट्या चार भाषांत दिसतात. मी पहिल्यांदा आले तेव्हा माझ्याबरोबरचे पुण्या-मुंबईचे लोक नवलानं बघत होते, मला मात्र घरी आल्यासारखं वाटलं. घरी मराठी, बाजारात कन्नड, दवाखान्यात हिंदी, अशी वाढलेली पोरं आपली. शिक्षकांना सांगा, पोरांना ज्युरॉंगच्या सायन्स सेंटरला पूर्ण दिवस द्या. खरेदीला अर्धा दिवस पुरतो.

सांबऱ्याजवळची आई:

सगळ्यांचे पाय धरावेसे वाटतात. तीन आठवड्यांनी लिहितेय, कारण हातात काहीतरी आल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

मुलीला विचारलं. तिनं वहीवर तिन्ही तऱ्हेनं नाव लिहून बघितलं आणि डी-एन-वाय-ए वर बोट ठेवलं. म्हणाली, “आजी मला हाक मारते तसं हेच आहे.”

दाखल्याच्या ऑफिसात पहिल्या दिवशी उद्या या म्हणाले, दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी एका कन्नड मॅडमनी रजिस्टर काढून दाखवलं. खानापूरच्या बाई, तुम्ही म्हणाला तसंच निघालं! कन्नडात नाव बरोबर, इंग्रजी मागाहून घातलेलं. अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि आधारची प्रत घेतली. त्या मॅडम म्हणाल्या, माझ्या भाचीच्या नावातही हेच अक्षर आहे, मी बसून करून देते. नवव्या दिवशी दाखला हातात. आधारला हात लावायची गरजच पडली नाही. शाळेत हेडसरांनी गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या (बीईओ) ऑफिसला पत्र दिलंय, सॅट्‌सचं काम चालू आहे. त्यांनी वर्गातली आणखी नावं तपासली तर अजून चौघांची अशीच गत निघाली. त्यांच्या आईबापांना मी हा धागा दाखवलाय.

यांच्या सहीचा कागद काल आला. पाकिटात मुलीसाठी वेगळी चिठ्ठी होती, ती तिनं मला वाचू दिली नाही.

अपॉइंटमेंट येत्या मंगळवारी सकाळी साडेदहाची. आता शेवटचं एक विचारते. तिथं मुलीचीही सही घेतात म्हणे. हिला सही मराठीतच करायची आहे, ज्ञ काढून. चालते का?

निपाणीचे पोस्टवाले काका:

चालते. माझ्या पासपोर्टवर मराठीतच आहे. एकदा जशी करेल तशीच पुढं करावी लागेल, तेवढी मंगळवारपर्यंत गिरवून घ्या.