टीबीच्या गोळ्या आणि कावीळ
वर एकांनी लिहिलं आहे की टीबीच्या गोळ्यांनी वडिलांना कावीळ झाली, म्हणून घरच्यांनी सगळ्या गोळ्या कायमच्या बंद केल्या. कृपया तिथेच थांबू नका, आजच डॉक्टरांना गाठा. अर्धवट सोडलेला टीबी उलटतो.

सुरुवातीच्या चार औषधांपैकी आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड यकृताला इजा करू शकतात. इथॅम्बुटॉलचा तो त्रास सहसा नसतो. कावीळ दिसली की डॉक्टर ही तिन्ही थांबवतात. एसजीपीटी (यकृताला झालेली इजा दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा) खाली आलं की एकेक औषध पुन्हा सुरू करतात, दर वेळी रक्त तपासतात आणि नेमकं कोणतं सोसत नाही ते शोधतात. मग उरलेल्यांवर कोर्स पुरा करता येतो.

माझ्या मावशीचं असंच झालं. तिसऱ्या आठवड्यात तिची अन्नावरची वासनाच उडाली, सारखी मळमळ. आम्ही मात्र 'गोळ्या उष्ण पडतात' म्हणत ताक पाजत राहिलो. रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते हे सांगितलेलं होतं, त्यामुळे ती चहासारखी गडद झाली तरी कुणाला शंका आली नाही. डोळे पिवळे झाल्यावर धावपळ. त्यात शेजारच्या गावातून काविळीचा झाडपाला आणलेला! यकृत आधीच दुखावलेलं असताना त्यावर आणखी एक अनोळखी औषध. डॉक्टरांनी आधी तो बंद करवला. गोळ्या टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू झाल्या आणि मावशीचा कोर्स पूर्ण झाला.

वडील दारू घेत असतील किंवा तापासाठी पॅरासिटामॉल चालू असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.