मदत हवी आहे: मिडियन नर्व्हचं माप दर वेळी वेगळं येतंय

प्रश्न (द्वारका_सोनो)
नमस्कार. नाशिकमध्ये सोनोग्राफी करते. निफाडकडच्या द्राक्षबागेत विरळणीचं काम करणाऱ्या, चाळिशीतल्या बाई आल्या आहेत. रात्री अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होऊन जाग येते, हात झटकला की बरं वाटतं. करंगळीला काही नाही. मधुमेह आहे. कार्पल टनेल सिंड्रोमचा, म्हणजे मनगटातल्या अरुंद बोगद्यात (टनेल) मिडियन नर्व्ह, अंगठ्याकडच्या बोटांचा मज्जातंतू, अडकल्याचा संशय आहे. पिसिफॉर्मच्या (मनगटातलं करंगळीकडचं छोटं हाड) पातळीवर नर्व्हच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ एकदा ९ आलं, एकदा १३ चौरस मिमी. प्रोब (हातावर टेकवायचा भाग) १२ मेगाहर्ट्झचा लिनिअर, म्हणजे सपाट तोंडाचा. रिपोर्टमध्ये कोणता आकडा धरू?

गोदाकाठ
अजून कोणताच नको. आधी हात नीट ठेवा: उशीवर, तळवा वर, मनगट सरळ, बोटं किंचित वाकलेली. जेल भरपूर घ्या आणि प्रोब नुसता टेकवा, दाबलात की नर्व्ह चपटते. डेप्थ (चित्रात दिसणारी खोली) २ सेंमीच्या आसपास पुरते.

मग प्रोब पुढे-मागे कलता करून बघा. कोन चुकला की टेंडन (स्नायूंच्या दोऱ्या) चित्रात लगेच काळे पडतात, नर्व्ह तेवढी बदलत नाही. ओळख तिथेच पटते. टनेलमध्ये शिरताना नर्व्ह खोल जाते, म्हणून तिरका छेद गेला तर माप फुगतं. ट्रेस (मोजण्यासाठी नर्व्हभोवतीची रेघ) पांढऱ्या कडेच्या आतून, हाताने काढा. चपट्या नर्व्हला मशीनचा एलिप्स (तयार लंबगोल) बसत नाही. तीन मापांची सरासरी घ्या.

नसतज्ज्ञ
१० चौरस मिमीच्या पुढे संशय, हे ढोबळमानाने ठीक. पण मधुमेहात नर्व्ह सगळीकडेच जाड असू शकते, त्यामुळे एकट्या मनगटाच्या आकड्यावर निदान करू नका. प्रोनेटर क्वाड्रेटसच्या (मनगटाच्या जरा वरचा आडवा स्नायू) पातळीवरही मोजा. मनगटातलं माप तिथल्यापेक्षा २ चौरस मिमी किंवा जास्त मोठं असेल तर अडकण्याच्या बाजूने पुरावा. फरकाऐवजी दोन मापांचं गुणोत्तर काढायचं तर दुसरं माप मनगटाच्या घडीपासून १२ सेंमी वर मोजतात, तिथे १.४ ही सीमा. या दोन जागांची सरमिसळ बऱ्याच रिपोर्टमध्ये दिसते, ती टाळा.

द्वारका_सोनो
परत तपासलं. प्रोनेटर क्वाड्रेटसला ८. मनगटात मात्र नर्व्हचे दोन भाग दिसतात, ९ आणि ४, आणि मध्ये बारीक काहीतरी ठोके देतंय.

गोदाकाठ
मग गोंधळाचं मूळ सापडलं! बायफिड, म्हणजे दोन भागांत विभागलेली नर्व्ह आहे. ९ आलं तेव्हा एकच भाग ट्रेस झाला होता. दोन्ही वेगळे मोजून बेरीज करायची, म्हणजे १३. बायफिडसाठी फरकाची सीमा ४ धरतात. इथे ५ आहे. मनगटाच्या वर ८ म्हणजे नर्व्ह सगळीकडे सुजलेली नाही, हेही लिहा.

ठोके देणारी पर्सिस्टंट मिडियन आर्टरी (जन्मापूर्वीची, काहींमध्ये टिकून राहिलेली धमनी) असणार. कलर डॉपलर (रक्तप्रवाह रंगात दाखवणारी सोय) लावून प्रवाह नीट आहे ना बघा, धमनीत गुठळी झाली तर तीच दुखण्याचं कारण असू शकते. या धमनीची ओळ रिपोर्टमध्ये ठळक हवी: इंजेक्शन देणाऱ्याला आणि शस्त्रक्रिया करणाऱ्याला ती आहे हे आधी कळलंच पाहिजे.

नसतज्ज्ञ
अंगठ्याच्या मुळाचा स्नायू बसलाय (झिजून सपाट झालाय) का, तेही बघायला सांगा. बसला असेल तर पट्टी बांधून वाट बघण्यात वेळ जाऊ नये, हॅन्ड सर्जनकडे पाठवा. मान दुखत असेल किंवा ऑपरेशन ठरत असेल तर नर्व्ह कंडक्शनही (नर्व्हमधून संदेश किती वेगाने जातो ती तपासणी) करून घ्या. आत्ताच्या थंडीत हात गार असतो आणि गार हातात वेग खोटाच कमी दिसतो. त्वचा ३२ अंशांपर्यंत गरम करूनच टेस्ट करा.