मदत हवी आहे : कोविडमधल्या ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) आठवणी आणि पद्धती

नमस्कार मंडळी. मी जिल्ह्याच्या ठिकाणी ओटी सिस्टर आहे. आमच्याकडे नव्याने लागलेल्या मुलींनी कोविडमधली ओटी पाहिलेलीच नाही. त्यांच्यासाठी टिपण करतेय.

२० मार्च २०२० च्या केंद्राच्या सूचनेनंतर आम्ही हर्निया, मोतीबिंदू वगैरे पुढे ढकलले. सिझेरियन, फुटलेलं अपेंडिक्स, अपघात मात्र थांबणार कसे? स्वॅबचा रिपोर्ट यायच्या आत पेशंट टेबलावर घ्यावा लागायचा. भूल देताना श्वासनलिकेत नळी घालायच्या वेळी आत फक्त भूलतज्ज्ञ आणि एक मदतनीस, बाकी सगळे दाराबाहेर. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोटात भरलेला गॅस मोकळा न सोडता सक्शनने ओढून घ्यायचो. पीपीई किटमध्ये चेहरे ओळखू येईनात, म्हणून पाठीवर मार्करने नावं लिहायचो. गॉगलवर वाफ धरली की सुईत दोरा ओवणंसुद्धा कठीण व्हायचं.

मला दोन गोष्टी हव्या आहेत. एकच ओटी असलेल्या ठिकाणी पॉझिटिव्ह पेशंटनंतर एसीचं आणि साफसफाईचं काय करायचात? आणि रखडलेल्या यादीतून आधी कोणाला बोलवायचं हे कसं ठरवलंत? कॅन्सरचे पेशंट आधी घेतले, हे योग्यच होतं. पण हर्नियावाले दुखणं घेऊन महिनोन्‌महिने थांबले, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

तुमच्याकडचे जुने चार्ट असतील तर पेशंटची नावं झाकून पाठवा, प्लीज.