कॅरम की कवितासंग्रह? तत्त्वज्ञ मिलचं म्हणणं सभेत कसं मांडू?

प्रश्न
आमच्या गावच्या वाचनालयाला एका माहेरवाशिणीने देणगी दिलीय. समितीतले बरेच जण म्हणतात, कॅरम बोर्ड घ्या, पोरं निदान आत तरी येतील. मी कवितासंग्रहांसाठी अडून बसलेय. सुखासुखांत दर्जाचा फरक असतो आणि ज्यांनी दोन्ही सुखं चाखलीत त्यांचा कौल मानावा, असं जॉन स्टुअर्ट मिलने १८६१ साली लिहिलं. मला ते मनापासून पटतं. पण "तुम्ही कोण ठरवणार?" असं कुणी विचारलं, तर काय सांगू?

प्रतिसाद १
मी बेंथमच्या बाजूचा. सुखाचा दर्जा नको, ते किती हे मोजा, असं म्हणणारा हा मिलच्या आधीचा तत्त्वज्ञ. पुश-पिन म्हणजे टाचण्यांचा पोरखेळ. त्यातून जास्त आनंद मिळत असेल, तर तो काव्य-संगीतापेक्षा मोलाचा, असं त्याने स्वच्छ लिहिलंय. तो खेळ सगळ्यांना येतो, कविता मोजक्यांनाच रुचते. देणगी सगळ्या गावासाठी आहे ना? मग कॅरम घ्या.

प्रतिसाद २
हिशेब इतका सरळ नाही. एका सुखातून पुढे आणखी किती सुखं निपजतात, हेही बेंथमच्याच मोजपट्टीत आहे.

आणि मिल याच मोजपट्टीवर वाढला. वडिलांनी तिसऱ्या वर्षापासून ग्रीक शिकवलं. १८२६ साली, विशीत, त्याने स्वतःला विचारलं: मला हव्या त्या सगळ्या सुधारणा या क्षणी झाल्या, तर मी सुखी होईन का? आतून 'नाही' आलं आणि तो पार खचला. पुढे १८२८ मध्ये वर्ड्‌स्वर्थच्या कवितांनी त्याला उभारी दिली. दर्जाचा मुद्दा त्याच्या जिवावर बेतलेला होता, ताई.

दोन्ही चाखूनही लोक हलकं सुख निवडतात, त्याचं काय? मिल म्हणतो, वरच्या सुखाची ओढ हे नाजूक रोप आहे. पोटापाण्याचं काम आणि भोवतालची माणसं त्याला जगू देत नाहीत. हे मी घरात पाहिलंय. वडील इचलकरंजीत यंत्रमागावर होते. बारा तासांची पाळी करून आले की पत्त्यांचा डाव टाकायचे, कानांत मागाचा खडखडाट तसाच. पण एकादशीला पखवाजाला कणीक लावायला बसले की हाक मारलेली ऐकू यायची नाही. रोज पत्तेच का? तेवढंच त्राण उरायचं म्हणून.

तेव्हा सभेत सांगा: मी ठरवत नाही, पोरांना ठरवू द्या. पण ज्यांनी कविता कधी कानांनी ऐकलीच नाही, त्यांची मतं मोजून कविता बाद करू नका.

प्रश्नकर्ती
हे मांडते. एक बोर्ड घ्यायला मी तयार आहे, बाकी पैसे पुस्तकांना. शनिवारी संध्याकाळी मोठ्याने वाचायला मी स्वतः बसेन.